उकिरड्याशेजारचे घर आणि त्याची किंमत



वसंत व्याख्यानमालेला काव्य, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभतात, आणि ते व्हावेतही. आम्ही मात्र आज उकिरड्याविषयी बोलणार आहोत. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे शिक्षण हमालांच्या, जिनिंगमधल्या मजुरांच्या आणि सफाई कामगारांच्या बैठकांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. पण युनियनचे काम करता करता एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसत आली आहे, ती आपल्यापुढे मांडावीशी वाटते. कामगाराच्या मजुरीसाठी आम्ही भांडतो, दहा-वीस रुपये वाढवून आणतो, आणि तोच कामगार ज्या घरात रात्री पाठ टेकतो त्या घराची किंमत त्याच्या नकळत उतरत असते. मजुरी कापली गेली तर तो तक्रार घेऊन आमच्या कचेरीत येतो. घराची किंमत कापली गेली तर कोणाकडे जावे हे त्यास ठाऊक नसते, कारण कापणारा हात दिसत नाही. तो हात कोणाचा, एवढेच आज शोधायचे आहे.

कोणी म्हणेल, गरिबाला घर राहण्यासाठी असते. त्याला ते विकायचे थोडेच असते, मग किंमत वाढली काय आणि उतरली काय! हा आक्षेप पोट भरलेल्याचा आहे. नोकरदाराला प्रॉव्हिडंट फंड असतो, पेन्शन असते, विम्याची पॉलिसी असते. बांधकामावरच्या मजुराला आणि कंत्राटी झाडूवाल्याला यांतले बहुधा काही नसते. गुंठाभर प्लॉट आणि त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या, एवढी त्याची जन्माची शिल्लक. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि म्हातारपणाचे दुखणे, या तिन्ही प्रसंगी तो त्या दोन खोल्यांकडेच पाहतो. त्या गहाण ठेवून किती मिळतील आणि विकून किती मिळतील, यावर मुलगा पुढे शिकणार की कामावर जाणार हे ठरते. म्हणून घराची किंमत हा सावकाराचा आणि दलालाचाच विषय आहे असे आम्ही मानत नाही. तो कष्टकऱ्याचा विषय आहे.

आता उकिरड्याकडे वळू. आपल्या खेड्यांत उकिरडा काही नवा नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असे आपण म्हणतो. खेड्यातला उकिरडा ज्याच्या त्याच्या परसात किंवा गोठ्यामागे असे. शेण, राख, पाचोळा, उष्टे-खरकटे त्यात पडे आणि मृगापूर्वी बैलगाडी भरून तेच शेतात जाई. घाणही घरची आणि खतही घरचे, असा तो चोख व्यवहार होता. शहराने हा व्यवहार मोडला. शहरात घाण एकाची आणि ती सोसणारा दुसरा, अशी वाटणी झाली. घंटागाडी आली, आपण डबा रिकामा केला, हात धुतले, की आपल्यापुरता कचरा संपला. वस्तुतः तो संपत नाही, कोणाच्या तरी दारी जाऊन पडतो. ते दार कोणाचे असते? गावकुसाबाहेर कोणाला बसवले जात होते, हे या मराठवाड्यात कोणी कोणाला शिकवायला नको. कचरा डेपोची जागा ठरते तेव्हा जुनी वहिवाट नव्या नकाशावर उमटलेली पुष्कळदा दिसते.

महाराष्ट्रातले तीन दाखले घेऊ. पहिला मुंबईच्या देवनारचा. तिथे १९२७ पासून कचरा पडत आला. सुमारे १३२ हेक्टरांचा हा पसारा, आणि त्याला खेटून गोवंडी-शिवाजीनगरची दाट वस्ती. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगरांना आग लागली आणि धूर इतका पसरला की उपग्रहाच्या छायाचित्रांत तो दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा दाबून राहिला आणि आत हवा पोचली नाही, की तो कुजताना मिथेन वायू होतो. हा वायू पेट घेणारा. म्हणून असे डोंगर वरून विझले तरी आतून धुमसत राहतात.

दुसरा दाखला पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचा. १९९१ पासून पुण्याचा कचरा तिथे दीडशे एकरांहून मोठ्या जागेवर जाऊ लागला. विहिरींचे पाणी नासले आणि पिढ्यान्‌पिढ्या बागाईत करणाऱ्या गावांना टँकरची वाट पाहावी लागली. तिथल्या मुलांना मुली द्यायला लोक कचरतात, हे वर्तमानपत्रांतून छापून आले. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, अनेकदा अडवल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. मग तक्रार सुरू झाली ती कराचा बोजा आणि सोयींची वाण यांची. आणि २०२४ साली या दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. ज्या शहराचा कचरा पाव शतकाहून अधिक काळ सोसला, त्याच शहराच्या कराची बिले दारात यावीत, हा हिशेब त्यांना पटला नाही. आम्हांलाही पटत नाही.

तिसरा दाखला आपल्या शेजारचा. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला जात असे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी परिसरातल्या लोकांनी गाड्या कायमच्या अडवल्या. पाहता पाहता शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. दुसरी जागा शोधता शोधता मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तर तिथे दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. जो कचरा नारेगावने निमूटपणे सोसला, तो एक दिवस सोसायलाही दुसरे कोणी तयार नव्हते. यापेक्षा अधिक स्पष्ट भाषेत कचऱ्याची किंमत कोणी सांगितली आहे असे आम्हांला वाटत नाही.

पण दगडांची भाषा सोडून आकड्यांच्या भाषेत ही किंमत मोजता येते काय? येते. अर्थशास्त्रज्ञ तिची एक रीत सांगतात. घराची किंमत म्हणजे अनेक गुणांची बेरीज : खोल्या किती, बांधकाम कसे, पाणी येते का, शाळा जवळ आहे का, बाजार किती दूर. हजार-पाचशे घरांचे खरे व्यवहार गोळा करावेत, बाकी गुण सारखे करून घ्यावेत आणि उकिरड्यापासूनच्या अंतराने किमतीत किती फरक पडतो तेवढाच वेगळा काढावा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका कचराभूमीभोवती असे मोजून १९९२ साली निष्कर्ष छापला गेला. अगदी कुंपणालगतच्या घराची किंमत सुमारे १२ टक्के कमी, आणि मैलभरावर सुमारे ६ टक्के कमी. पुढे २०१० साली पेनसिल्व्हेनियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला ५०० टन किंवा अधिक कचरा घेणाऱ्या मोठ्या जागांलगतची घरे सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरलेली आढळली. लहान जागांलगतची मात्र २.७ टक्क्यांनीच. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की लहान जागांपैकी पाचातल्या एका-दीडजणीभोवती किमतीवर काहीच परिणाम आढळला नाही.

अमेरिकेचे आकडे उचलून परभणीला लावावेत असे आम्ही म्हणत नाही. तिथली कचराभूमी म्हणजे खाली पाणी न मुरणारे अस्तर, रोजच्या कचऱ्यावर रोज मातीचा थर, झिरपणारे काळे पाणी गोळा करायला नळ्या, भोवती कुंपण. आपल्याकडचा डेपो पुष्कळदा नुसता उघडा माळ असतो. त्यावर गाडी येते, उलटते आणि जाते. आपली जमीनही वेगळी. उन्हाळ्यात काळी भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली उतरते, आणि खालचा मुरूम व फुटीर काळा पाषाण ते विहिरी-बोअरपर्यंत पोचवतो. म्हणून इथला तोटा तिथल्याहून कमी असेल असे मानायला आम्हांला काही आधार दिसत नाही. तरीही समजा, अमेरिकेचाच आकडा धरला. दहा लाखांच्या घरामागे १३ टक्के म्हणजे एक लाख तीस हजार रुपये. रोजची मजुरी पाचशे रुपये धरली तर हे २६० दिवसांचे काम झाले. हाताला नित्य काम न मिळणाऱ्या माणसाचे जवळजवळ अख्खे वर्ष. एका माणसाचे वर्षभराचे श्रम कोणी पावतीशिवाय उचलून न्यावेत, आणि त्याला चोरी म्हणू नये!

आमचे म्हणणे असे आहे : उकिरड्याशेजारच्या घराची उतरलेली किंमत ही साऱ्या गावाने त्या घराकडून न विचारता वसूल केलेली वर्गणी आहे. कचरा नीट वेगळा करणे, त्याचे खत करणे, उरलेला शास्त्रीय रीतीने पुरणे, याला पैसा लागतो. तो पैसा गावाने वाचवला आणि तो भार त्या शे-दोनशे घरांवर टाकला. आणि पेनसिल्व्हेनियाचा लहान आकडा आपल्याला दुसरी गोष्ट शिकवतो. कचरा थोडा असला आणि बंदोबस्त नेटका असला तर शेजारच्या घराची किंमत फारशी पडत नाही, कित्येक ठिकाणी मुळीच पडत नाही. म्हणजे किंमत पाडण्यात कचऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, हेळसांडीचा वाटा आहे. हेळसांड दैवी नसते. ती थांबवता येते.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकू येतो. "डेपो आधीचा आहे, लोक मागाहून आले. स्वस्त मिळाले म्हणून आले, आता कुरकुर कशाला?" उरुळीला आणि नारेगावला हे लागूच पडत नाही, ही गावे कचऱ्याच्या कितीतरी आधीची. पण जे खरोखरच मागाहून आले, त्यांचाही विचार करू. त्यांना दुसरीकडे परवडले असते काय? प्लॉट स्वस्त मिळाला हे खरे. पण पाण्याचा जार विकत, डासांची अगरबत्ती विकत, पोराच्या खोकल्याचे औषध विकत, असे ते स्वस्त घर दर महिन्याला महाग होत जाते. शिवाय असे प्लॉट पुष्कळदा गुंठेवारीचे असतात. बॉण्डपेपरवर व्यवहार, नोटरीचा शिक्का, नियमित खरेदीखत नाही. त्यामुळे बँक कर्ज देत नाही, आणि गरज पडली की सावकाराच्या पायरीवर जावे लागते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. पण कायदा होणे आणि कागद हातात पडणे, यांत किती हेलपाटे असतात हे या सभागृहातल्या अनेकांना माहीत आहे.

सरकारी दप्तरात ही उतरलेली किंमत दिसते काय? मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी जे दर ठरतात, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते मूल्यविभागाप्रमाणे ठरतात. एका विभागात चांगला रस्ताही आला आणि डेपोची भिंतही आली, तर दोघांचा दर एकच होऊ शकतो. शुल्क तर करारातली किंमत आणि सरकारी दर यांपैकी जे अधिक त्यावर. म्हणजे विकणाऱ्याला बाजार कमी देतो, आणि घेणाऱ्याकडून सरकार जास्त मागते. घरपट्टीची गोष्ट मात्र निराळी आहे. महापालिका कायद्यात करयोग्य मूल्याची जी जुनी कल्पना आहे, तिचा पाया म्हणजे ते घर वाजवी रीतीने किती भाड्याने जाईल हा अंदाज. जिथे आकारणी या पायावर होते, तिथे दुर्गंधीत राहणाऱ्याला रास्तपणे विचारता येते, की आमच्या खोलीला भाडे कमी येते, मग आकारणी इतरांएवढी का? हरकत घेण्याची सोय कायद्यात आहे. ती हरकत एकेकट्याने घेतली तर फायलीत जाते. दोनशे घरांनी मिळून घेतली तर तिची सुनावणी करावी लागते. हे आमचे युनियनचे साधे गणित आहे.

न्यायालयांनीही घर आणि कचरा यांचे नाते ओळखले आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा नगरपालिका म्हणाली की आमच्याजवळ पैसा नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबब फेटाळली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निर्णय प्रत्येक वाचनालयात असावा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याकडे मागण्याचा जो मार्ग रतलामकरांनी धरला, तो आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याहून धारदार पाऊल टाकले. कचऱ्याचे नियम पाळत नाही तोवर मुंबईत नव्या इमारतींना परवानगी नाही, असे ठरवले. कल्याण-डोंबिवलीत अशीच बंदी २०१५ मध्ये आली होती. मुंबईची बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटी घालून शिथिल केली. पण त्या दोन वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. देवनारच्या झोपडीतला धूर जे नव्वद वर्षांत करू शकला नाही ते झाले. समुद्राकाठच्या इमारतींचे मालकसुद्धा विचारू लागले, की या कचऱ्याचे काय करता?

आता आपल्या परभणीकडे. २०११ साली आपली नगरपालिका महानगरपालिका झाली, आणि त्याच सालच्या जनगणनेत शहराची वस्ती तीन लाखांवर होती. माणशी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कचरा धरला तर रोजचा हिशेब शंभर टनांच्या आसपास जातो. अमेरिकेच्या मापाने हा लहान आकडा आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत, पाथरी यांचा तर त्याहून लहान. म्हणजे आपण अजून त्या टप्प्यावर आहोत, जिथे नेटका बंदोबस्त केला तर शेजारच्या घरांना तोटा होऊ न देणे शक्य आहे. देवनार होईपर्यंत थांबायचे काही कारण नाही.

करायचे काय, तेही सांगतो. पहिले काम आपल्या स्वयंपाकघरातले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो. तोच कुजतो, तोच वास सोडतो, त्यातूनच काळे पाणी आणि मिथेन निघतो. तो वेगळा निघाला तर त्याचे खत होते, आणि आपल्या कापसाच्या काळ्या रानाला सेंद्रिय खताची भूक आहे. मात्र त्यात काच आणि प्लास्टिकच्या चिंध्या असल्या तर शेतकरी ते फुकटही नेणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. दुसरे काम सुक्या कचऱ्याचे. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा केला. ज्या हातांना आपण कचऱ्याबरोबर मोजतो, तेच हात डोंगर लहान करतात. तिसरे काम महापालिकेचे. २०१६ च्या नियमांत कचराभूमी वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर दूर ठेवण्याचे आणि भोवती बांधकामरहित पट्टा राखण्याचे ठरले. तो पट्टा पालिकेने स्वतःच्या मालकीच्या जमिनीत राखावा. शेजारच्याच्या शेतावर नकाशात रेघ ओढून "इथे बांधू नका" म्हणणे, म्हणजे त्याची किंमत दुसऱ्यांदा कापणे आहे. आणि सारा भार एका कोपऱ्यावर नको. २०१८ च्या धड्यानंतर छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रे विभागून उभी राहिली. भार वाटला गेला की काळजीही वाटली जाते.

आता एका धोक्याची सूचना देतो, कारण तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. समजा डोंगर हलला, जागा स्वच्छ झाली. मग काय होईल? उतरलेली किंमत चढेल. ती कोणाच्या पदरात पडेल? ज्याच्या हाती पक्का कागद आहे त्याच्या. भाडेकरूचे भाडे वाढेल आणि त्याला खोली सोडावी लागेल. बॉण्डपेपरवाल्याला कोणी तरी येऊन आधीच्याच भावात प्लॉट मागेल, आणि गरजेपोटी तो देईल. तीस वर्षे वास ज्याने घेतला तो जाईल, आणि फुलांच्या बागेसमोर दुसरा राहायला येईल. देवनारकडे पाहा. २०२४ साली त्याच कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचे सरकारने ठरवले. उकिरड्याची दैना फिटते खरी. पण त्याच्या शेजाऱ्याची फिटते की नाही, याची हमी कोणतीही म्हण देत नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की डोंगर हलवण्याच्या आधी त्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा कागद पक्का करावा. आधी हक्क, मग सफाई. हा क्रम उलटला तर सफाईच्या नावाने गरिबाची शेवटची शिल्लकही जाईल.

श्रोतेहो, आम्ही आपल्याकडे दया मागायला आलेलो नाही. दयेने मजुरी वाढत नाही, आणि घराची किंमतही वाढत नाही. आम्ही हिशेब मागतो आहोत. उद्या सकाळी घंटागाडीचा आवाज येईल, आपण डबा घेऊन बाहेर पडाल. त्या गाडीच्या वाटेच्या दुसऱ्या टोकालाही एक दार आहे, आणि त्या दारामागच्या कुटुंबाकडून आपण वर्षानुवर्षे एक वर्गणी घेत आलो आहोत. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकाची चर्चा निघेल तेव्हा आपापल्या नगरसेवकाला एवढेच विचारा, की त्या वर्गणीची परतफेड कोणत्या शीर्षाखाली दाखवली आहे? शीर्ष सापडले नाही तर आमच्या कचेरीचे दार उघडे आहे; हरकतीचा अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलेलेच आहोत.